कुमुदताईंना बर्फात पडायचं होतं

मनमिळाऊ, हसतमुख आणि समाधानी. इंग्लंडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत कुमुदताई पेडणेकरांच्या फोटोखाली हे तीन शब्द छापलेत, आणि तिन्ही साफ खोटे आहेत. कुमुदताई मनमिळाऊ नव्हत्या. पटलं नाही की तोंडावर सांगायच्या, आणि दिवसातून निदान चार गोष्टी त्यांना पटायच्या नाहीत. हसतमुख तर मुळीच नव्हत्या. हसण्यासारखं काही असेल तरच हसायच्या. राहता राहिलं समाधान. मी सहा वर्षं त्यांच्या शेजारच्या घरात राहिले आहे. मला ते त्यांच्याकडे कधी दिसलं नाही, आणि दिसलं असतं तर मी त्यांना डॉक्टरकडे नेलं असतं.

स्मरणिकेच्या संपादकांनी मला फोन केला होता. "तुम्ही त्यांच्या जवळच्या. दोनशे शब्द लिहून द्या, जरा हृद्य असू द्या." मी सहाशे लिहिले. एकही छापला नाही. कारण काय, तर जागा नव्हती. समोरच्या पानावर मोदकांच्या स्पर्धेचे नऊ फोटो आहेत. म्हणून जे तिथे बसलं नाही ते इथे लिहिते आहे, आणि हृद्य वगैरे होईल याची हमी देत नाही.

दोन हजार तीन साली पुण्याच्या कंपनीनं मला लंडनजवळच्या स्लाऊला पाठवलं. आठवड्याभरात मी हाय स्ट्रीटवरून एक लांब, काळा, माझ्या मते अत्यंत रुबाबदार कोट घेतला आणि तो घालून बसस्टॉपवर उभी राहिले. शेजारी साठी उलटलेल्या, ठेंगण्या, साडीवर अनोरक, म्हणजे टोपीवालं थंडीचं जॅकेट, घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी नाव नाही, गाव नाही, थेट माझी बाही धरली.

"मराठी ना? कोट उलटा कर."

"अहो, इथे?"

"मग कुठे? बस यायला सात मिनिटं आहेत."

का कोण जाणे, पण मी कडाक्याच्या थंडीत बसस्टॉपवर कोट काढून उलटा केला. त्यांनी आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "टाका लांब घातलाय. दोरा वाचवलाय मेल्यांनी. डावी बाही आधी जाईल." चौथ्या महिन्यात डावी बाही काखेतून उसवली. मी ती घेऊन त्यांच्या दारात गेले तेव्हा त्यांनी "सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. कोटाकडे बघून म्हणाल्या, "आण इकडे. बस. चहा तूच कर, माझे हात गुंतलेत."

त्यांचे हात गुंतलेले नसायचे कधी? कुमुदताई मूळच्या मालवणकडच्या. लग्न होऊन इथे आल्या, नवरा बस चालवायचा, आणि त्या स्वतः स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका कारखान्यात बावीस वर्षं मशीनवर होत्या. त्या कारखान्यात बर्फावर घसरायला जाणाऱ्या लोकांचे कपडे शिवले जात. जाड, पाणी न शिरणारी जॅकेटं, आणि छातीपर्यंत येणाऱ्या, खांद्यावर पट्टे असलेल्या पँटी. कुमुदताईंकडे पँटीची बैठक असायची. म्हणजे मागची मधली शिवण, जी माणूस पडला की सगळ्यात आधी ताणली जाते. तासाला किती झाल्या ते फळ्यावर नावापुढे लिहीत. एकदा सुई त्यांच्या उजव्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली होती. इंजेक्शन घेऊन त्या दुपारी परत मशीनवर बसल्या, कारण फळ्यावर नावापुढे रिकामी जागा राहिलेली त्यांना खपली नसती. ते नख पुढे कायम दुभंगलेलंच राहिलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कारखाना बंद झाला आणि काम कुठेतरी पूर्वेकडे गेलं. मालकांनी बायकांना एकेक केक दिला. त्या केकवरचा राग कुमुदताईंनी पुढे दहा वर्षं टिकवला. "बावीस वर्षं मी त्यांच्या गिऱ्हाइकांची लाज राखली," त्या म्हणायच्या, "आणि मला दिला स्पंज." यातलं 'लाज राखली' हे अगदी खरं होतं. भर डोंगरावर कुणाचीही पँट मागून फाटली नाही, ती या बाईमुळे.

माणसांनी त्यांना चुकीच्या नावानं हाक मारलेली त्यांना चालायची नाही. दवाखान्यातल्या खिडकीवरच्या मुलीनं "टेक अ सीट, डार्लिंग" म्हटलं की त्या जागच्या हलत नसत. "नॉट डार्लिंग. मिसेस पेडणेकर." एकदा मी सोबत होते. त्या मुलीनं फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात 'हाउसवाइफ' लिहिलं. कुमुदताईंनी चष्मा लावून ते वाचलं, फॉर्म परत सरकवला आणि म्हणाल्या, "राइट मशीनिस्ट." मुलगी म्हणाली, पण आता तुम्ही रिटायर्ड आहात ना? "सो राइट रिटायर्ड मशीनिस्ट. यू हॅव पेन?" मागे आठ माणसांची रांग होती. मी लाजेनं अर्धमेली झाले होते. आज वाटतं, लाजायचं मला काय कारण होतं?

त्यांचा मुलगा नितीन स्टॅनमोरला राहतो. अकाउंटंट आहे, चांगला मुलगा आहे, आईला दर रविवारी फोन करायचा. पण त्याच्या घरच्या एका पार्टीत, मीही होते तिथे, कुणीतरी विचारलं, तुझी आई काय करायची, तर तो म्हणाला, "मम वॉज अ होममेकर, मोस्टली." कुमुदताई कोपऱ्यात प्लेट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी प्लेट खाली ठेवली आणि मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "नितीन, तुझी शाळेची ट्रिप कुणाच्या ओव्हरटाइमवर गेली रे?"

"आई, प्लीज. नॉट नाऊ."

"कुठे गेली होती ती ट्रिप? सांग त्यांना."

नितीनचा चेहरा पडला. ट्रिप ऑस्ट्रियाला गेली होती, स्कीइंगला. पंधराव्या वर्षी मुलगा बर्फावर घसरून आला होता, कदाचित आईच्याच हातची पँट घालून, आणि आईनं उभ्या जन्मात तो डोंगर पाहिला नव्हता. तिला फक्त पँटीला अडकवायच्या लेबलावरचं चित्र माहीत होतं. निळं आकाश, पांढरा उतार, आणि उडी मारणारा एक माणूस, ज्याची बैठक दिसत नव्हती.

लेबलाचं हे मला त्यांनी एकदाच सांगितलं. त्या दिवशी त्यांनी पलंगाखालून बॅग ओढून काढली. आत डांबराच्या गोळ्यांच्या वासात गुंडाळलेली गडद निळी पँट होती. चेन चुकीच्या रंगाची लागली म्हणून बाद झालेली, कारखाना बंद होताना त्यांनी मागून घेतलेली. कंबर, उंची सगळं उसवून त्यांनी ती स्वतःच्या मापाची करून ठेवली होती.

"मला एकदा बर्फावर जोरात पडायचंय," त्या म्हणाल्या. "मुद्दाम नाही. घसरताना पडतात तसं. मग उठून बघायचं, उसवतेय का. बावीस वर्षं शिवलं गं मी, पण कुणी येऊन सांगितलं नाही की पडलो आणि टिकली."

दोन हजार सहाच्या जानेवारीत मंडळानं सहल जाहीर केली. तीन दिवस, स्कॉटलंडमधलं इन्व्हर्नेस. किल्ला, कॅथीड्रल, नदीकाठ, जुना बाजार, आणि मधल्या दिवशी ज्यांना हवं त्यांना तासाभरावरच्या डोंगरावर स्कीइंग. हॉलमध्ये दोन याद्या लावल्या होत्या. 'स्थलदर्शन' आणि 'स्कीइंग'. कुमुदताईंनी स्कीइंगच्या यादीत सगळ्यात वर, ठसठशीत अक्षरात नाव लिहिलं. पुढच्या रविवारी ते नाव खोडून दुसऱ्या यादीत लिहिलेलं होतं, आणि पुढे कंसात 'ज्येष्ठ'.

आमचे अध्यक्ष नाबरसाहेब. निवृत्त बँकवाले, गोड बोलणारे, सत्तरीच्या आतबाहेरच्या प्रत्येक बाईला 'मातृतुल्य' म्हणणारे. ते स्वतः तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. कुमुदताई सहासष्टच्या होत्या. दोन वर्षांनी मोठी माणसं मातृतुल्य कशी होतात ते नाबरसाहेबांनाच ठाऊक.

"कुमुदताई, तुमचा मान आम्हाला राखायला हवा," ते म्हणाले. "कोचबसमध्ये पहिली सीट तुमची. हाड मोडलं तर आम्ही नितीनला काय तोंड दाखवू?"

"यादीत त्रेसष्ट वर्षांचे दोन पुरुष आहेत. त्यांची हाडं कसली आहेत?"

नाबरसाहेब हसले. हा त्यांचा मोठा गुण, चिडत नाहीत. कुमुदताईंनी टेबलावरचं पेन उचललं, आपलं नाव पुन्हा पहिल्या यादीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. या खेपेला ते कुणी खोडलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

कोच पहाटे स्लाऊहून निघाला. पहिली सीट कुमुदताईंना मिळाली, नको असताना. मागे तरुण मंडळी गाणी म्हणत होती, पुऱ्या आणि बटाट्याच्या भाजीचे डबे सर्व्हिस स्टेशनवर उघडले जात होते, आणि या बाई पुढच्या काचेतून एकटक बाहेर बघत होत्या. पर्थ गाव मागे पडल्यावर डोंगर सुरू झाले. पहिला पांढरा माथा दिसला तेव्हा त्यांनी काचेवरची वाफ अनोरकच्या बाहीनं पुसली. मग मला म्हणाल्या, "लेबलावर निळं आकाश होतं. हे तर करडं आहे." त्यातही तक्रारच होती, पण आवाज मऊ होता.

इन्व्हर्नेस सुंदर आहे, ते अमान्य करून मला काही मिळायचं नाही. नदीच्या वर लालसर दगडाचा किल्ला, काठाकाठानं चर्चचे मनोरे, पूल, आणि पाण्यात उभे राहून मासे धरणारी माणसं. पण त्या शहराचं नाव ऐकलं की आज माझं डोकं तापतं. त्यात त्या शहराचा दोष नाही, आमचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्ता चालला होता. स्कीइंगचा कोच सव्वादहाला सुटणार होता. नाबरसाहेब माझ्या टेबलाशी आले आणि खाली वाकून कानात म्हणाले, "पावणेदहाला छोटासा कार्यक्रम ठेवलाय. कुमुदताईंचा सत्कार. शाल-श्रीफळ. त्यांना कल्पना नाही."

"पण कोच सव्वादहाला..."

"तेच तर!" ते खूश होऊन म्हणाले. "वेळ अशी बसवलीय की त्या आपोआप इथे राहतील. वाईटपणाही नको. नितीनचाच फोन होता, आईला कसंही करून थांबवा म्हणून. शाल तुम्ही पुढे आणून द्या हं, तुमच्या हातून घेतील त्या."

मी काय केलं? मी टोस्टला लोणी लावत राहिले. उठून वर जाऊन त्यांच्या खोलीचं दार वाजवायला एक मिनिट लागलं असतं. मला वाटलं, अध्यक्ष आहेत, मुलगा आहे, आपण कोण. आणि हेही वाटलं, ते आता लिहूनच टाकते, की खरंच पडल्या तर? म्हणजे मीही त्याच यादीत त्यांना घालून मोकळी झाले होते.

कुमुदताई खाली आल्या त्या साडी नेसून, पण चालताना सूं सूं आवाज येत होता. साडीच्या आत त्यांनी पहाटेपासूनच ती निळी पँट चढवली होती. त्यांना नाश्त्याच्या खोलीतल्या खुर्चीत बसवलं गेलं. नाबरसाहेबांनी कागद काढला. सुरुवात मंडळाच्या स्थापनेपासून झाली. मग परदेशात संस्कृती टिकवणाऱ्या माउल्या आल्या. मी शाल दोन्ही हातांवर घेऊन उभी होते. कुमुदताईंनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी शालीकडे पाहिलं.

"कुमुदताईंना पहिल्यापासून शिवणकामाची आवड," नाबरसाहेब म्हणाले.

"आवड नव्हती," कुमुदताई म्हणाल्या. "नोकरी होती."

लोक हसले. नाबरसाहेबही हसले आणि पुढचा परिच्छेद वाचायला लागले. तेवढ्यात खिडकीबाहेर कोच मागे घेतानाची पिप् पिप् ऐकू आली. मी शाल त्यांच्या खांद्यावर घातली, नारळ त्यांच्या हातात दिला, टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांच्या आवाजात कोच निघून गेला.

कुमुदताई उठल्या. खिडकीशी गेल्या. परत आल्या. शाल खांद्यावरून काढून उलटी केली, काठावरून अंगठा फिरवला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवली.

"हा मान आहे की कोंडवाडा?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. "हाताला धरून बाहेर काढलं असतंत तर भांडता तरी आलं असतं. हातात नारळ देऊन बसवलंत. आता कुणाशी भांडू?"

"कुमुदताई, आमचा हेतू..."

"तुमची शाल माका नको!" आता चढला. त्या चिडल्या की मालवणीवर यायच्या. नारळ त्यांनी नाबरसाहेबांच्या हातात परत दिला, आपटला नाही, नीट दिला. "मंडळाच्या पूजेला वापरा." आणि त्या सूं सूं करत बाहेर पडल्या. मी मागे धावले. हॉटेलच्या बायकांच्या स्वच्छतागृहात त्यांनी साडी सोडली, गोळा करून माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाल्या, "घडी घाल. तुला ठाऊक होतं ना?"

मी हो म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "स्टेशन कुठल्या बाजूला आहे ते तरी ठाऊक आहे का?"

स्टेशन दहा मिनिटांवर होतं. गाडी नुकतीच गेली होती. फलाटावरच्या बाकावर निळी पँट, वर अनोरक आणि कपाळाला टिकली अशा वेषात कुमुदताई तासभर बसल्या. मग एव्हिमोअर गावापर्यंत गाडी, तिथून डोंगराची बस. बस अर्ध्या चढावर असतानाच वारा खिडक्यांना धडका द्यायला लागला. समोरून गाड्यांमागून गाड्या खाली येत होत्या, टपावर स्की बांधलेल्या. आम्हा दोघींनाही त्याचा अर्थ कळला होता.

वर पोहोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. फळ्यावर लिहिलं होतं, वाऱ्यामुळे बारापासून उतारावर नेणाऱ्या सर्व लिफ्ट बंद. सामान भाड्यानं देणाऱ्या खिडकीतली मुलगी खरंच हळहळली. लहान मुलांचा उतारसुद्धा बंद केलाय म्हणाली, आज आता काही सुरू होणार नाही. "सॉरी, लव्ह." कुमुदताईंनी तिला 'मिसेस पेडणेकर' म्हणून सांगितलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

कॅफेत आमचीच मंडळी होती. गाल लाल, केस ओले, समोर पुऱ्यांचे डबे. "आँटी!" त्यातली एक पोरगी उठून आली. "ओ माय गॉड, इट वॉज अमेझिंग! आम्हाला अर्धा तास मिळाला. तुम्ही सकाळी का नाही आलात आमच्याबरोबर?" तिला काहीही ठाऊक नव्हतं. त्रेसष्टीचे ते दोन पुरुष बूट सोडत बसले होते. त्यांच्यातल्या एकाची भाड्याची पँट मागून चांगली वीतभर उसवली होती. कुमुदताईंनी वाकून नीट पाहिलं. "लांब टाका," एवढंच म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

गाड्या लावायच्या जागेच्या कडेला बर्फाचा ढीग होता, फावड्यानं ओढून टाकलेला, मळका. कुमुदताई त्याच्यासमोर पाठ करून उभ्या राहिल्या आणि धप्पकन मागे बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या. तिसऱ्यांदा बसल्या तेव्हा मी धावत जाऊन हात दिला. त्यांनी तो घेतला नाही. स्वतः उठल्या आणि पाठमोऱ्या झाल्या.

"बघ, उसवलीय का?"

"नाही, कुमुदताई. अजिबात नाही."

"नाहीच उसवणार. पण बसणं म्हणजे पडणं नव्हे." वाऱ्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्यानंच, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता सांगत नाही. ती बाई रडत होती, आणि तिला रडवणाऱ्यांत मी होते.

परतीच्या प्रवासात नाबरसाहेब पहिल्या सीटपाशी आले. "रागावलात का आमच्यावर?" त्यांच्या समजुतीनं याचं उत्तर 'छे हो' असं असतं. कुमुदताई म्हणाल्या, "हो." सबंध स्कॉटलंड आणि बहुतेक इंग्लंड ते 'हो' कोचमध्ये तसंच राहिलं. नंतर लोकांनी मला सांगितलं, ताईंनी फार ताणलं, माणसं चांगल्या मनानं करायला गेली. मला एक समजत नाही, चांगल्या मनानं केलेल्या गोष्टीची माफी मागायची नसते असा नियम कुणी केला? कुणीही मागितली नाही. नितीननं नाही, नाबरसाहेबांनी नाही. मी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "तू निदान हो म्हणालीस." त्यानंतर त्या मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला गेल्या नाहीत. स्मरणिकेत छापलंय, 'मंडळाशी अखेरपर्यंत जिव्हाळ्याचे संबंध'.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तिकडे जायचं, आम्ही दोघींनीच, असं ठरलं होतं. त्या हिवाळ्यात माझा व्हिसा अडकला आणि मला पुण्याला जावं लागलं. त्याच्या पुढच्या हिवाळ्याआधी त्यांच्या पोटात गाठ निघाली. मग डॉक्टर, आणि नितीनच्या घरची खालच्या मजल्यावरची खोली, आणि बाकीचं सगळं. तो डोंगर त्यांना परत दिसला नाही. स्मरणिकेसाठी नेमका सत्कारातला फोटो निवडलाय, खांद्यावर शाल असलेला, आणि चेहऱ्यावर जे आहे त्याला समाधान म्हटलंय.

मला त्या वेगळ्या दिसतात. गाठ निघायच्या आधीचा सप्टेंबर होता, एक मंगळवार. त्यांची नेहमीची बस बंद झाली होती म्हणून त्यांनी मला सकाळी गाडीनं सोडायला सांगितलं. कुठे, तर "व्यायामाला". पत्ता एका क्रीडा केंद्राचा होता. मी त्यांना सोडलं आणि गाडी वळवायला इमारतीच्या मागे गेले. तिथे कुंपणापलीकडे एक टेकाड होतं आणि त्यावर वरपासून खालपर्यंत ब्रशसारख्या ताठ काड्यांच्या हिरव्या चटया अंथरल्या होत्या. बर्फ नसलेल्या गावात स्कीइंग शिकायची जागा. रिपरिप पाऊस चालू होता. मधल्या वयाची एक शिक्षिका खाली उभी राहून ओरडत होती, "बेंड युअर नीज, मिसेस पेडणेकर!" आणि वरून, गुडघे न वाकवता, निळ्या पँटीत कुमुदताई येत होत्या.

बऱ्याच वेगानं आल्या. मध्यावर एक स्की दुसरीवर चढली आणि त्या पडल्या. मुद्दाम नाही. चांगल्या पाठीवर आपटून, चार-पाच हात फरफटत खाली आल्या. मी गाडी तशीच सोडून कुंपणाशी धावले. तोवर त्या उठून उभ्या होत्या आणि मान वळवून, हात मागे नेऊन, चाचपत होत्या.

मग त्यांना मी दिसले. जराही चपापल्या नाहीत. स्की फरफटवत कुंपणाशी आल्या आणि पाठ फिरवली. "बघ."

त्या काड्यांनी डाव्या बाजूचं कापड तळहाताएवढं फाटलं होतं, आतला कापूस बाहेर आला होता. फाटत फाटत ते मधल्या शिवणीपर्यंत आलं होतं आणि तिथे थांबलं होतं. मी जाळीतून बोट घालून शिवणीवरून फिरवलं. एकही टाका सुटला नव्हता.

"कापड फाटलंय," मी म्हटलं. "शिवण तशीच आहे."

"कापड कंपनीचं होतं," कुमुदताई म्हणाल्या. श्वास लागला होता, टिकली पावसानं ओघळली होती, आणि कधी नव्हे त्या हसत होत्या. मग एकदम हसू आवरून, पार्टीत नितीनला दटावलं होतं त्या आवाजात त्यांनी मला दटावलं. "मंडळात कुणाला बोलू नकोस हं. परत सत्कार ठेवतील."

आणि शिक्षिकेनं पुढे केलेला हात बाजूला सारून, स्की आडव्या टाकत, एकेक पाऊल करत त्या पुन्हा वर चढायला लागल्या.